बोर्डाचं व्होल्टेज कर्नलला कसं सांगायचं

ऐरोली-रबाळे-महापेच्या एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एखाद्या छोट्या कंपनीत तुम्ही नुकतेच लागला असाल, हातात नवाकोरा बोर्ड आला असेल आणि ‘यावर लिनक्स चालवून दाखवा’ असं सांगितलं गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सी भाषा येत असते, मायक्रोकंट्रोलरवर एलईडी लुकलुकवून झालेला असतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करताही येतो. पण डिव्हाइस ट्रीच्या फाइलमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) रेग्युलेटरचा, म्हणजे ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या चिपचा, भाग आला की बहुतेक जण दुसऱ्या कुठल्यातरी बोर्डाची फाइल उघडतात, तो तुकडा उचलतात आणि आपल्याकडे चिकटवतात. बाकी ठिकाणी हे खपून जातं. चुकीचा पिन लिहिला तर बटण चालत नाही, दुरुस्त करून पुन्हा बूट करता येतं. चुकीचं व्होल्टेज लिहिलं तर १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्ट जातात, आणि मग कितीही वेळा कंपाइल केलं तरी ती चिप परत येत नाही.

एक गोष्ट आधी पक्की करा. रेग्युलेटर चिप किती व्होल्टेज देऊ शकते हे तिच्या ड्रायव्हरला ठाऊक असतं. तुमच्या बोर्डावर त्या चिपच्या पुढे काय जोडलंय आणि त्याला किती सोसतं, हे कर्नलला कुठूनही कळत नाही. ते सांगणारे फक्त तुम्ही. म्हणून या नोंदीत चिपची क्षमता लिहायची नसते, बोर्डाची मर्यादा लिहायची असते.

खाली प्रॉपर्टींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत, मधल्या आडव्या रेघेसकट, आणि आकडे इंग्रजीत लिहायचे.

पायरी १: फाइल नको, आधी स्किमॅटिक

स्किमॅटिकची (सर्किटच्या आकृतीची) प्रिंट काढा, जमल्यास ए-३ कागदावर. दुसऱ्या कोऱ्या कागदावर वीज कुठून कुठे जाते त्याचं झाड काढा. वर १२ व्होल्टचा ॲडॅप्टर, त्याखाली ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर, त्याखाली पीएमआयसी (अनेक रेग्युलेटर एकत्र असलेली चिप), आणि पीएमआयसीतून निघणारे बक आणि एलडीओ, हे रेग्युलेटरचे दोन प्रकार. प्रत्येक रेलपुढे, म्हणजे एका व्होल्टेजच्या वीजवाहिनीपुढे, चार गोष्टी लिहा: स्किमॅटिकवरचं तिचं नाव, तिच्यावर कोण कोण पोसलं जातं, व्होल्टेज किती, आणि ते चालू असताना बदलायचं आहे का.

व्होल्टेज ठरवताना रेलवर बसलेल्या प्रत्येक चिपची डेटाशीट उघडा. तिच्यात दोन तक्ते असतात. एकात चिप जळू नये म्हणून ओलांडायची नाही अशी कमाल हद्द असते, दुसऱ्यात चिप नीट चालण्यासाठी शिफारस केलेली मर्यादा असते. आपल्याला दुसरा तक्ता हवा. नवीन मुलं हमखास पहिल्यातला आकडा उचलतात, कारण तो डेटाशीटमध्ये आधी येतो.

एका रेलवर दोन-तीन चिपा असतील तर सगळ्यांच्या किमान आकड्यांतला सर्वांत मोठा आणि कमाल आकड्यांतला सर्वांत लहान घ्या. समजा, एका सेन्सरला १.७१ ते १.८९ चालतं आणि शेजारच्या फ्लॅश मेमरीला १.६२ ते १.९८. मग त्या रेलची हद्द १.७१ ते १.८९. दोन्ही ठिकाणी बसणारा आकडा म्हणून १.८ लिहायचा.

हा कागद करायला अर्धा दिवस जातो. तो जाऊ द्या. पुढची फाइल त्या कागदावरून अर्ध्या तासात होते.

पायरी २: कर्नलची पद्धत समजून घ्या

लिनक्समध्ये रेग्युलेटर फ्रेमवर्क २००८ साली, २.६.२७ या आवृत्तीत आलं. लियम गर्डवुड आणि मार्क ब्राउन यांनी ते लिहिलं. त्याचा पाया एकच आहे: जे बोर्डाच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं नाही, ते करायची परवानगी नाही. व्होल्टेज बदलायची मुभा लिहिली नसेल, तर ड्रायव्हरने कितीही मागितलं तरी फ्रेमवर्क नकार देतं. सुरुवातीला या मर्यादा बोर्डाच्या सी फाइलमध्ये एका स्ट्रक्चरमध्ये भरत. जुना कर्नल हाती आला तर ते अजूनही दिसेल. आता त्या डिव्हाइस ट्रीत लिहितात, आणि अर्थ तोच राहिलाय.

पायरी ३: नोंद लिहा, आणि लाखात मोजा

पीएमआयसी बहुतेक वेळा आयटूसी बसवर (दोन तारांच्या जोडणीवर) असते, म्हणून तिचा नोड, म्हणजे फाइलमधला तिचा कप्पा, त्या बसच्या आत येतो. बीगलबोन ब्लॅकवर टीपीएस६५२१७ ही पीएमआयसी आयटूसीवर हेक्स २४ या पत्त्यावर बसते. तिच्या आत रेग्युलेटर्स नावाचा नोड, आणि त्याच्या आत प्रत्येक बक-एलडीओचा स्वतःचा नोड. ही आतली नावं मनाची ठेवायची नाहीत. ड्रायव्हर ठरावीक नावंच शोधतो, आणि ती त्या चिपच्या बाइंडिंगच्या दस्तऐवजात (तिची नोंद कशी लिहायची ते सांगणाऱ्या कागदात) दिलेली असतात. तुम्हाला हवं ते, म्हणजे स्किमॅटिकवरचं नाव, ‘रेग्युलेटर-नेम’मध्ये लिहा. पुढे लॉगमध्ये तेच दिसतं, तेव्हा कागदावरचं नाव आणि हे नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवा.

एलडीओ४ {
रेग्युलेटर-नेम = "व्हीडीडी_सेन्सर_१व्ही८";
रेग्युलेटर-मिन-मायक्रोव्होल्ट = <१८०००००>;
रेग्युलेटर-मॅक्स-मायक्रोव्होल्ट = <१८०००००>;
};

आकडा मायक्रोव्होल्टमध्ये असतो आणि शून्यं मोजताना डोळे फिरतात. आपल्याकडे यावर सोपा उपाय आहे, तो म्हणजे लाखात वाचणं. १.८ व्होल्ट म्हणजे अठरा लाख. ३.३ म्हणजे तेहतीस लाख. ०.९ म्हणजे नऊ लाख, १.३५ म्हणजे साडेतेरा लाख. बीगलबोनच्या प्रोसेसरच्या रेलचं किमान ९२५००० लिहिलेलं आहे, ते सव्वानऊ लाख. व्होल्टला दहाने गुणलं की लाख मिळतात. मी प्रत्येक नवीन मुलाला आकडा मोठ्याने लाखात म्हणायला लावतो. ‘एक लाख ऐंशी हजार’ असं तोंडून आलं की एक शून्य राहिलंय हे त्याचं त्यालाच ऐकू येतं. एवढं कमी व्होल्टेज चिप देऊ शकत नसेल तर कर्नल ‘अनसपोर्टेबल व्होल्टेज कन्स्ट्रेंट्स’ म्हणून रेग्युलेटर नाकारतो, तेव्हा शून्य गळण्याची चूक पकडली जाते. पण अठरा लाखांच्या जागी तेहतीस लाख लिहिले तर कर्नल काही बोलणार नाही, कारण चिपला दोन्ही जमतं.

किमान आणि कमाल सारखे लिहिले तर व्होल्टेज कायमचं बांधलं जातं. बूट होताना चिप वेगळ्या व्होल्टेजवर असेल तर कर्नल ते तुमच्या आकड्यावर आणतो आणि लॉगमध्ये ‘ब्रिंगिंग’ने सुरू होणारी ओळ येते. दोन आकडे वेगळे लिहिले तर तेवढ्या हद्दीत बदलायची परवानगी मिळते. यात एक खड्डा आहे. हद्द १८ ते ३३ लाख लिहिली आणि बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) रेल २.८ वर ठेवली असेल, तर ती हद्दीत आहे म्हणून कर्नल तिला हात लावत नाही. एखादा ड्रायव्हर स्पष्ट मागेपर्यंत ती २.८ वरच राहते. म्हणून पीएमआयसीच्या डेटाशीटमधली ‘०.८ ते ३.३’ अशी पूर्ण क्षमता उचलून इथे टाकू नका. ज्या रेलचं व्होल्टेज खरोखर बदलायचं आहे तिलाच हद्द द्या. असं बहुधा प्रोसेसरच्या कोअरचं आणि एसडी कार्डाच्या सिग्नलचं असतं. बाकी सगळ्या रेलना दोन्हीकडे एकच आकडा.

पायरी ४: ही वीज कोण वापरतं ते लिहा

नवखे सर्वांत जास्त इथे अडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे कळव्याहून येणारी एक नवी इंजिनीअर रुजू झाली. तिच्या बोर्डावर सगळं छान उठलं, नेटवर्क आलं, पिंग सुरू झालं. आणि थोड्या वेळाने पिंग बंद. पुन्हा बूट, पुन्हा तेच. तिने केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, मॅग्नेटिक्सचं सोल्डरिंग भिंगातून पाहिलं. दुपारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘सर, मी घड्याळ लावून बघितलं. दर वेळी साधारण अर्ध्या मिनिटानेच जातंय.’’ सोल्डर कच्चं असेल तर ते घड्याळ बघून सुटत नाही. मी तिला लॉग उघडायला सांगितला. शेवटची ओळ होती, ‘एलडीओ५: डिसेबलिंग’.

झालं होतं असं. एलडीओ५ इथरनेटच्या पीएचवाय चिपला (केबलवरचे सिग्नल हाताळणाऱ्या चिपला) ३.३ व्होल्ट देत होता. फाइलमध्ये त्याची नोंद होती, आकडे बरोबर होते. पण त्याचा वापर कोण करतं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बूटलोडरने तो चालू ठेवला म्हणून नेटवर्क आलं. आताच्या कर्नलमध्ये सुरुवातीची जुळवाजुळव संपल्यावर ३० सेकंदांनी फ्रेमवर्क सगळे रेग्युलेटर तपासतं, आणि ज्यांचा कोणी धनी नाही ते बंद करतं. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये फ्लॅट रिकामा लिहिलेला असेल तर प्लंबर त्याचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून जातो, तसंच. आत माणसं राहत होती, नोंद तेवढी राहिली होती.

उपाय म्हणजे रजिस्टरमध्ये नोंद करणं. वापरणाऱ्या उपकरणाच्या नोडमध्ये ‘-सप्लाय’ने संपणारी प्रॉपर्टी लिहायची आणि तिच्यात रेग्युलेटरच्या लेबलचा संदर्भ द्यायचा. तिच्या बोर्डावरच्या इथरनेट कंट्रोलरला ‘पीएचवाय-सप्लाय’ हे नाव लागत होतं. एसडी कार्डासाठी ‘व्हीएमएमसी-सप्लाय’ आणि ‘व्हीक्यूएमएमसी-सप्लाय’, साध्या डिस्प्ले पॅनेलसाठी ‘पॉवर-सप्लाय’. नाव पुन्हा बाइंडिंगमधूनच घ्यायचं. ड्रायव्हर ‘व्हीडीडी’ मागत असेल आणि तुम्ही ‘व्हीसीसी-सप्लाय’ लिहिलं, तर त्याला ते सापडत नाही. कर्नल त्याला खोटा रेग्युलेटर देतो, लॉगमध्ये ‘युजिंग डमी रेग्युलेटर’ असं लिहितो आणि पुढे जातो. सगळं चालल्यासारखं दिसतं, आणि अर्ध्या मिनिटाने दिवा जातो. लॉगमध्ये ‘डमी’ हा शब्द शोधायची सवय लावून घ्या.

रेग्युलेटरलाही वरून वीज लागते. एलडीओ ५ व्होल्टच्या बकवर बसलेला असेल तर त्याच्या नोंदीत त्याचाही सप्लाय लिहा. मग मुलाला जागं करण्याआधी कर्नल बापाला जागं करतो.

एक व्यावहारिक सूचना. सप्लाय लिहिला की त्या उपकरणाचा ड्रायव्हर रेग्युलेटरचा ड्रायव्हर येईपर्यंत थांबून राहतो. रूट फाइलसिस्टम ईएमएमसीवर (बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीवर) असेल आणि पीएमआयसीचा ड्रायव्हर त्याच फाइलसिस्टममध्ये मॉड्यूल म्हणून ठेवला असेल, तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि बूट तिथेच अडकतं. पीएमआयसी आणि तिच्या आयटूसी बसचे ड्रायव्हर कर्नलमध्ये बिल्ट-इन ठेवा.

पायरी ५: ‘ऑलवेज-ऑन’चा मोह

वरचा प्रकार झाला की कोणीतरी सांगतं, ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन लिही, सुटशील.’ लक्षण जातं हे खरं. पण मग ती रेल कधीच बंद होत नाही आणि बॅटरीवरचं यंत्र रात्रभर ठेवलं की सकाळी मेलेलं सापडतं. प्रोसेसर कोअर, डीडीआर मेमरी, जिच्याशिवाय कर्नल स्वतःच जगू शकत नाही अशा रेलना ऑलवेज-ऑन बरोबर आहे. इतरांना खरा धनी शोधून द्या. शोध चालू असेपर्यंत कर्नलच्या कमांड लाइनवर ‘रेग्युलेटर_इग्नोर_अनयूज्ड’ दिलं तर नवे कर्नल ती ३० सेकंदांची साफसफाई करत नाहीत. हे तपासापुरतं वापरा, ग्राहकाला जाणाऱ्या इमेजमध्ये नको.

‘रेग्युलेटर-बूट-ऑन’ वेगळं आहे. बूटलोडरने ही रेल चालू ठेवलेली आहे, एवढंच ते सांगतं. चालू आहे की नाही हे ज्या रेग्युलेटरकडून वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ते आहे. नंतर बंद करायला त्याची आडकाठी नसते.

पायरी ६: पीएमआयसीबाहेरचे रेग्युलेटर

एखादा साधा तीन पायांचा रेग्युलेटर, किंवा एका जीपीआयओने (सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणाऱ्या पिनने) चालू-बंद होणारा लोड स्विच असेल, तर ‘कंपॅटिबल’ या प्रॉपर्टीमध्ये ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ लिहायचं. इथला व्होल्टेजचा आकडा निव्वळ माहिती असते. कर्नल तो बदलू शकत नाही, तपासूही शकत नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला बदली भाग दिसायला तोच, पॅकेज तेच, पण शेवटचे दोन अंक १८ ऐवजी ३३ असतील, तर फाइलमध्ये अठरा लाख लिहिलेलं तसंच राहील आणि बोर्डावर ३.३ येत राहतील.

जीपीआयओ वर गेल्यावर रेग्युलेटर चालू होत असेल तर ‘इनेबल-ॲक्टिव्ह-हाय’ लिहायलाच हवं. ते नसेल तर कर्नल उलटं धरतो, म्हणजे पिन खाली गेल्यावर चालू. जीपीआयओच्या संदर्भात शेजारी ‘ॲक्टिव्ह हाय’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, या नोंदीत तो झेंडा धरला जात नाही. चालू केल्यावर व्होल्टेज स्थिर व्हायला वेळ लागत असेल तर ‘स्टार्टअप-डिले-यूएस’मध्ये मायक्रोसेकंद द्या. तो आकडा रेग्युलेटरच्या डेटाशीटमधून, आणि पुढे मोठे कपॅसिटर असतील तर ऑसिलोस्कोपवर बघून.

जीपीआयओने दोन व्होल्टेजमध्ये अदलाबदल होत असेल तर ‘रेग्युलेटर-जीपीआयओ’. याचं चांगलं उदाहरण रास्पबेरी पाय ४ च्या फाइलमध्ये आहे: एसडी कार्डाच्या सिग्नलची रेल, किमान अठरा लाख, कमाल तेहतीस लाख, पिन १ असताना १.८ आणि ० असताना ३.३, आणि स्थिर व्हायला ५००० मायक्रोसेकंद. कार्ड ३.३ वर सुरू होतं आणि वेगवान मोडसाठी सिग्नल १.८ वर उतरवतं. एकदा उतरलेलं कार्ड वीज तोडल्याशिवाय ३.३ वर परत येत नाही. म्हणून कार्डाची मुख्य वीज तोडता येईल असा स्विच बोर्डावर आहे का, हे पायरी १ च्या कागदावरच बघून ठेवा. नसेल तर रिबूट केल्यावर कार्ड न सापडण्याची तक्रार येते आणि सगळे कार्डाला दोष देतात.

पायरी ७: चढायला लागणारा वेळ

प्रोसेसरचा वेग वाढवताना कर्नल आधी व्होल्टेज वाढवतो, मग वेग. कमी करताना आधी वेग, मग व्होल्टेज. व्होल्टेज वर पोचायच्या आत वेग वाढला तर बोर्ड अधूनमधून, कधीही, कारण न सांगता अडकतो. म्हणून ‘रेग्युलेटर-रॅम्प-डिले’ लिहा. याचं एकक एका मायक्रोसेकंदात किती मायक्रोव्होल्ट असं आहे. बक १२५०० ने चढत असेल आणि ०.९ वरून १.२ वर जायचं असेल, तर तीन लाख भागिले साडेबारा हजार, म्हणजे २४ मायक्रोसेकंद कर्नल थांबेल. पुष्कळ ड्रायव्हर हा आकडा स्वतःच जाणतात, त्या चिपांना तो लिहायची गरज नसते.

स्लीपमध्ये कोणती रेल ठेवायची आणि कोणती सोडायची यासाठी ‘रेग्युलेटर-स्टेट-मेम’ हा पोटनोड आहे. पहिल्या आठवड्यात त्यात पडू नका. आधी जागेपणी सगळं नीट चालू द्या.

पायरी ८: तपासणी

फाइल कंपाइल करण्याबरोबर ‘डीटीबीएस_चेक’ही चालवा. प्रॉपर्टीच्या नावातल्या स्पेलिंगच्या चुका तिथेच सापडतात. पहिलं बूट करताना कॅमेरा, डिस्प्ले असे सुटे होणारे महाग भाग काढून ठेवा.

बूट झाल्यावर डीबगएफएसमधली (कर्नलच्या आतली स्थिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टममधली) ‘रेग्युलेटर_समरी’ फाइल वाचा. तिच्यात तुमच्या कागदावरचं झाड उमटलेलं दिसतं: कोण कोणाच्या खाली, किती जण वापरतात, आत्ता किती व्होल्टेज, किमान-कमाल काय. कागद शेजारी ठेवा आणि एकेका रेलवर पेन्सिलने टिक करत जा. वापरणारे शून्य असलेली प्रत्येक रेल म्हणजे एक प्रश्न, त्याचं उत्तर लिहूनच पुढे जा.

तिथे दिसणारं व्होल्टेज हे पीएमआयसीच्या रजिस्टरमधून किंवा तुमच्याच नोंदीतून आलेलं असतं. तांब्यावर काय आहे ते मल्टिमीटरच सांगतो. काळं टोक बोर्डाच्या ग्राउंडला, लाल टोक रेग्युलेटरपाशी न लावता चिपच्या अगदी शेजारच्या कपॅसिटरला. साध्या साडेतीन अंकी मीटरवर १.८ ची रेल मोजताना २० व्होल्टची रेंज लावली तर शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा असतो. २ व्होल्टची रेंज लावा, मग एकेक मिलिव्होल्ट दिसतो. ३.३ साठी २० ची रेंज घ्यावीच लागते. वाचलेला आकडा कागदावर त्या रेलपुढे शाईने लिहा. मग सुटे भाग जोडा, पूर्ण भार द्या, आणि तेच आकडे पुन्हा घ्या.

शेवटी अर्धं मिनिट थांबा. आमच्या त्या इंजिनीअरने ‘पीएचवाय-सप्लाय’ लिहून बूट केलं तेव्हा ती मीटरची टोकं कपॅसिटरला लावूनच बसली होती. तीस सेकंद झाली, चाळीस झाली, मीटर ३.२९ वर, पिंग चालू. कागदावर तिने एलडीओ५ च्या पुढे आकडा लिहिला, खाली बोर्डाचा रिव्हिजन नंबर आणि तारीख टाकली, आणि कागद बोर्डाच्या डब्यात ठेवून दिला.